रावेरनंतरचं स्टेशन

मी नोकरीभर माणसांच्या उशाशी बसले. सर्जन पोटाशी उभे राहायचे, त्यांच्यामागे शिकणाऱ्या पोरापोरींची गर्दी, माना लांब करून आत काय दिसतंय ते बघणारी. मी मात्र डोक्याकडे, गोल लोखंडी स्टुलावर. डाव्या हातानं पेशंटची हनुवटी वर उचललेली, त्याच हाताचं एक बोट जबड्याखालच्या नाडीवर, आणि उजव्या हातात ईथरची बाटली. तोंडावर तारेची जाळी, जाळीवर गॉजची घडी, आणि त्या घडीवर थेंब, थेंब, थेंब. झाशीच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मी भूल देणारी नर्स होते. भुलीचे डॉक्टर होते, पण टेबलं जास्त आणि डॉक्टर कमी, म्हणून आम्हा दोघीतिघींना शिकवून तयार केलेलं. डॉक्टर या टेबलावरून त्या टेबलावर फिरायचे आणि आम्ही आपापल्या डोक्याशी. वॉर्डातल्या बायका मला ‘बेहोसी वारी बाई’ म्हणायच्या. नाव काही वाईट नव्हतं.

ईथरचा वास केसांतून जायचा नाही. घरी आले की आई दारातच अडवायची. “आधी डोक्यावरून पाणी घे. चुलीजवळ आलीस तर डाळ झोपी जाईल.”

या कामात एक गोष्ट शिकले ती अशी, की माणसाचं ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं आणि सगळ्यात आधी परत येतं. डोळे मिटतात, हात गळतात, तरी कान जागे असतात. म्हणून माझा एक नियम होता, उशाशी खोटं बोलायचं नाही. एखादी शिकाऊ पोरगी लाडात येऊन “कुछ नहीं होगा अम्मा, कुछ नहीं होगा” म्हणायला लागली की मी तिला बाहेर काढायची. “काय होणार नाही ते तुला कोणी सांगितलं? तू ब्रह्मदेव लागून गेलीस? गप्प बसता येतं ना, मग गप्प बस.” पोरी मला टरकून असत. असोत बापड्या. खोटं ऐकत झोपलेलं माणूस उठताना तेच शोधत उठतं, हे मी पाहिलेलं होतं.

भूल देताना पेशंटला आकडे म्हणायला सांगायची पद्धत. आकडे अडखळले की समजायचं, माणूस चालला. पण आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या लोकांना आकडे म्हणायला सांगितलं की परीक्षेला बसवल्यासारखे घाबरायचे. एकदा रेल्वेचा एक गँगमन आला, हर्नियाचा. दहाच्या पुढे जाईना आणि झोपेही ना, नुसता माझ्याकडे डोळे फाडून बघत राहिला. मी रेल्वेवाल्याची पोर, माझ्या तोंडून निघून गेलं, “भैया, घर कहाँ है?” म्हणाला, जाखलौन. म्हटलं, “तो चलो, घर चलते हैं। झाँसी से गाड़ी छूटी। आगे बोलो।” तो लागला बोलायला. बिजौली, खजराहा, बबीना, बसई. तालबेहटला जीभ जड झाली आणि तालबेहटच्या पुढे तो झोपला. तेव्हापासून मी आकडे सोडले. घरचा रस्ता ज्याला येत नाही असा माणूस अजून जन्माला यायचाय.

गरौठ्याकडच्या लोकांना रेल्वे नव्हती, ते बसचे थांबे सांगायचे. ओरछा गेटच्या एका म्हातारीची तर गंमतच झाली. तिचं घर ते केवढ्या अंतरावर! इलाइट चौराहा म्हणाली, आणखी दोन वळणं म्हणाली, आणि माझी बाटली नीट उलटी व्हायच्या आत खणखणीत आवाजात, “लो, घर आ गओ. अब उतार देओ मोय.” सगळं थिएटर हसलं. तिला म्हटलं, अम्मा, दरवाज्याला कुलूप आहे, आधी किल्ली शोधा. ती किल्ली शोधता शोधता झोपली.

पण ती एक सोडली तर कोणीच घरी पोचलं नाही. ईथर हे मुळात आळशी औषध, बऱ्याच वेळानं चढणारं, तरीही लांबच्या माणसाची गाडी वाटेतच कुठंतरी थांबायची. मला दर वेळी थोडं वाईट वाटायचं. वाटायचं, याला अजून एक स्टेशन जाऊ द्यावं. तसं करता येत नसतं.

आता आईबद्दल.

आई खानदेशातल्या निंभोऱ्याची. भुसावळच्या अलीकडे रावेर, मग निंभोरा, मग सावदा. लहानसं स्टेशन, मेल गाड्या धडधडत निघून जातात, पॅसेंजर तेवढी थांबते. चारी बाजूंनी केळीचे मळे. वडील मालगाडीचे गार्ड. बदली होऊन झाशीला आले आणि इथलेच झाले. मी इथंच जन्मले, शाळेत हिंदी, शेजारी बुंदेली, आणि घरात आईची खानदेशी मराठी. शहरात पेशव्यांच्या काळापासूनची मराठी घरं होती, त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेलं की आमचं बोलणं ऐकून त्या बायका पदराआड हसायच्या. आई म्हणायची, “हसू दे वं. त्यांचं गाव त्यांच्या पणजोबानं सोडलं. माझं माझ्याच पायांनी सोडलंय.”

निंभोऱ्याहून केळी भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी दिल्लीला जायच्या त्या झाशीवरूनच. यार्डात तासन्‌तास उभ्या राहायच्या. वडील ड्युटीवरून आले की आई ताट वाढता वाढता विचारायची, “गेला का माल?” आणि वडील चिडवायचे, “गेला तर. तुझ्या भावानं तुझ्यासाठी काही दिलं नाही वाटतं?” आई भाकरी ताटात टाकून आत वळायची. पण उन्हाळ्यात वारा यार्डाकडून आला आणि त्यात पिकत्या केळीचा वास असला, की ती हातातलं काम टाकून मागच्या अंगणात जाऊन उभी राहायची. लहानपणी मला वाटायचं, ती धुणं बघायला जाते.

रेल्वेचा पास होता. फुकट जाता येत होतं. तरी आई माहेरी जायची नाही, आणि त्याला कारण होतं. आजी गेली तेव्हा तार आली. आई निघाली, पण इटारसीला गाडी चुकली, आणि ती पोचली तोवर सगळं आटोपलेलं होतं. भर वैशाख. मामानं तरी काय करावं? पण आई अंगणात उभी राहून म्हणाली, “माझ्यासाठी एक रात्र थांबता आलं नाही तुला?” मामा आधीच खचलेला, तो फटकन बोलला, “मेलेलं माणूस उन्हाळ्यात किती ठेवायचं असतं, ते तूच सांग.” आई घरात पाऊल न टाकता, पाण्याचा घोटही न घेता, आल्या पावली परतली.

आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. अक्षय्य तृतीया जवळ आली की माहेरचं माणूस, बहुतेक भाऊच, बहिणीला न्यायला तिच्या सासरी जातो. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला म्हणजे मूळ आलं. आजी होती तोवर मामा दर वर्षी एवढ्या लांब झाशीला यायचा. त्या भांडणानंतर यायचा बंद झाला. तो म्हणे, ती पाणी न पिता गेली, आता तिनं आपण होऊन यावं. ही म्हणे, मुराळी आल्याशिवाय मी त्या स्टेशनावर पाय ठेवणार नाही. वडील कपाळाला हात लावायचे. “एकाच आईची दोन्ही. इंजिन हटेल मागं, ही हटणार नाहीत.”

जळगाव-नाशिककडे लग्नाकार्याला जावं लागायचंच. रावेर आलं की आई उठायची आणि खिडकीची झडप खाली पाडायची. डब्यात अंधार, लोक कुरकुरायचे, “बहनजी, हवा तो आने दो।” ही आपली झडपेला पाठ लावून बसलेली. सावदा मागं पडलं की स्वतःच उठून झडप वर करायची. मधलं एक स्टेशन तिनं किती वर्षं पाहिलं नाही. पण रुळांच्या आवाजावरून तिला सगळं कळत असणार. निंभोऱ्याच्या फाट्यावरून गाडी खडखडली की तिचे ओठ हलायचे. मी एकदा विचारलं, काय म्हणतेस? म्हणाली, “पाणी ठेव म्हणून सांगते आईला.” तिची आई तेव्हा कधीचीच गेलेली होती.

आणि मग तिच्या पोटात गोळा आला.

तिनं तो लपवला. पातळ सैल नेसायला लागली, जेवण कमी झालं, मी भूल देणारी नर्स घरात आणि मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी तिला इतकी बोलले, इतकी बोलले की वडील उठून बाहेर गेले. ती म्हणाली, “झालं बोलून? आता चहा टाक.” आमच्या सर्जननी तपासलं आणि म्हणाले, उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

आईनं अट घातली. भूल माझ्या हातची, दुसऱ्या कोणाची नाही. घरच्या माणसाला आपण भूल देत नाही, असा रिवाज. हात थरथरला तर? मी नाहीच म्हणत होते. भुलीचे डॉक्टर कानपूरकडचे, पान खाणारे, मोठे सज्जन गृहस्थ. ते म्हणाले, “सिस्टर, अम्माजी की बात रखिए। आप सिरहाने बैठिए, मैं बगल में खड़ा हूँ। हाथ काँपा तो बोतल मैं ले लूँगा।”

मला भीती मरणाची नव्हती. म्हणजे होती, पण तिच्यापेक्षा मोठी एक होती. ही बाई माहेर न बघता गेली तर काय करू? ऑपरेशनच्या आधी मी तिला म्हटलंही, “आई, मी मामाला कळवते. येईल तो.” तर डोळे वटारून म्हणाली, “खबरदार. मुराळी मागून आणतात का कुठं? तो मनानं आला तर खरा.” ही असली बाई. काय करायचं असल्या माणसाचं!

तिला टेबलावर घेतली. पांढऱ्या चादरीत ती एवढीशी दिसत होती. कपाळावरचं कुंकू मीच पुसलं. मी जाळी ठेवली, म्हटलं, “आई, आता...” तर तीच म्हणाली, “ठाऊक आहे मला. घरचा रस्ता सांगायचा. तूच घरी येऊन सांगतेस ना सगळ्यांच्या गमती.” आणि तिनं गाडी सोडली. “झाशी.” मी थेंब सोडला. “ललितपूर.”

मी चमकले. बबीना नाही, तालबेहट नाही, एकदम ललितपूर! पुढचं, बीना. पुढचं, भोपाळ. तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाकी सगळे आजवर पॅसेंजरनं जात होते, एकेक हॉल्ट घेत, म्हणून वाटेत झोपत होते. ही गार्डाची बायको. हिनं मेल धरली होती.

आणि मग माझा हात सावकाश झाला. ठरवून झाला, उगाच कशाला लपवू. थेंबाथेंबात अंतर पडायला लागलं. “इटारसी,” आई म्हणाली, जीभ जड झालेली. भुलीचे डॉक्टर खाली वाकले. “सिस्टर? हाथ क्यों रोक रही हैं?” मी म्हटलं, “सर, दो-चार स्टेशन और। पहुँच जाने दीजिए।” त्यांनी तिची नाडी बघितली, श्वास बघितला, माझ्याकडे बघितलं. सर्जन हात वर धरून उभे. डॉक्टर त्यांना म्हणाले, “एक मिनट, सर। अम्माजी रास्ते में हैं।” देव त्यांचं भलं करो.

“खंडवा.” बराच वेळ काही नाही. मी तिच्या ओठांकडे बघत होते. “बऱ्हाणपूर.” मग आणखी वेळ. मग अगदी स्पष्ट, “रावेर.”

मी थेंब थांबवला. म्हण ना आई, एकच राहिलंय, म्हण. आणि ती गप्प. झोपली नव्हती. बोटाखाली नाडी जागी होती, पापण्या हलत होत्या. ती थांबली होती. रावेरला येऊन थांबली होती, आणि पुढचं नाव घेत नव्हती. मग जाळीखालून आवाज आला, बारीक, मुलीसारखा.

“मूळ आलं का वं?”

माझ्या जिभेवर ‘हो’ आलं होतं. सांगते ना, अगदी ओठावर आलं होतं. पण उशाशी खोटं बोलायचं नाही. आणि ही बाई उठल्यावर पहिलं तेच शोधेल, हे मला ठाऊक होतं. मी काही बोलले नाही. बाटली उलटी केली.

पोट उघडलं आणि मिटलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, गोळा सगळीकडे गेलेला. शिकणारी पोरं त्या दिवशी पुढं सरकली नाहीत. सर्जन मास्कवरून माझ्याकडे बघून फक्त मान हलवत राहिले. काही महिने, असं ते नंतर म्हणाले.

ती शुद्धीवर आली तेव्हा दुपार झाली होती. मी खाटेशी बसले होते. तिनं डोळे उघडले नाहीत. हात मात्र उचलला, भिंतीकडे चाचपला, आणि म्हणाली, “उघड आता झडप. सावदा गेलं.”

मी इतक्या मोठ्यानं रडले की वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या. त्यांना वाटलं, बेहोसी वारी बाईची आई गेली.

त्याच संध्याकाळी मी वडिलांना सगळं सांगितलं. मुराळी मागून आणायचा नाही ही आईची अट मी पाळली असती, पण वडिलांवर काही अट नव्हती. ते उठले, टोपी घातली आणि यार्डात गेले. केळीच्या रिकाम्या वाघिणी परत खाली जायच्या, त्या गाडीच्या गार्डाला त्यांनी निरोप दिला. त्या गार्डानं पुढच्याला, त्यानं त्याच्या पुढच्याला, असं करत करत निरोप लाइनीनं निंभोऱ्याच्या स्टेशन मास्तरपर्यंत गेला. वडिलांनी मला नंतर सांगितलं, निरोपात ‘ये’ असं म्हटलंच नव्हतं. एवढंच म्हटलं होतं, तुझी बहीण रावेरला थांबलीये.

मामा आला. मी ड्युटी संपवून वॉर्डात शिरत होते तर दारात तो उभा, पांढरी टोपी, धोतर, खांद्यावर केळीचा घड, आणि बगलेत पातळाची घडी. केस सगळे पांढरे झाले होते. आत यायला धजत नव्हता. मला ओळखलंही नाही त्यानं. मग घसा खाकरला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “बाई, मूळ आलंय. चल.”

आईनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

“इतक्या लवकर?” ती म्हणाली.

आणि दोघंही हसायला लागली, आणि हसता हसता दोघंही रडायला लागली. शेजारच्या खाटेवरची बाई मला विचारते, “काय बाई, जे को आय?” म्हटलं, भाऊ आहे तिचा, लेने आया है. तीही बिचारी पदर डोळ्यांना लावून बसली.

टाके निघाल्यावर ती निघाली. वडील सोबत गेले. मी राहिले, कारण नवीन दोन पोरी माझ्या हाताखाली शिकत होत्या, आणि काही महिने आहेत ना, म्हणून. आखाजीला सुट्टी घेऊन येते म्हटलं. प्लॅटफॉर्मवर मामानं तिला उचलून डब्यात ठेवली. खिडकीशी बसवली. मी बाहेरून झडपेला हात लावला तर ती म्हणाली, “राहू दे. उघडीच राहू दे.” गाडी हलली. शिट्टी झाली, कोळशाचा धूर आला, आणि धुरातून तिचा हात बाहेर दिसत राहिला. नव्या पातळाचा काठ हिरवा होता.

आखाजीला अवकाश होता तेवढ्यात यार्डाकडून निरोप आला. आई गेली. काही महिने म्हणणाऱ्यांचं गणित चुकलं.

मी मिळेल ती गाडी धरली. तोच रस्ता. ऊन असं की लोखंडाला हात लाववेना. इटारसीला गाडी तासन्‌तास खोळंबली आणि मी डब्यात बसून शिव्या दिल्या, मोठमोठ्यानं, इंजिनाला, रेल्वेला, मामाला, आईला. लोक बाजूला सरकून बसले. मला ठाऊकच होतं काय होणार ते. आजीच्या वेळी झालं तेच. उन्हाळ्यात मेलेलं माणूस किती ठेवतात? मी पोचेन आणि राख असेल. आणि आईसारखीच मी अंगणातून परत येईन, आणि मग माझ्यासाठीही झडप लागेल. रावेर आलं. मी दाराशी जाऊन उभी राहिले. केळीचे मळे दोन्ही बाजूंनी, गर्द, आणि तो वास. पॅसेंजर होती. थांबली.

प्लॅटफॉर्मवर मामा होता. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. माझी पिशवी त्यानं हातातून घेतली आणि म्हणाला,

“थांबलोय, बाई. कोणी हात लावलेला नाही.”

त्यानं भुसावळहून बर्फाच्या लाद्या आणवल्या होत्या, भुशात गुंडाळून, ब्रेकव्हॅनमधून. एक विरघळली की दुसरी. कोणीतरी गार्ड वडिलांच्या ओळखीचा, कोणीतरी मास्तर मामाच्या ओळखीचा, सगळी लाइन माझ्या आईसाठी बर्फ वाहत होती. ती ओसरीवर केळीच्या पानांवर होती, पानं ओली, हिरवीगार. मी तिच्या उशाशी जाऊन बसले. सवयीनं माझं बोट तिच्या जबड्याखाली गेलं. मामी म्हणाली, आधी पाणी पी. मी तांब्याभर पाणी प्याले.

त्यानंतर दर आखाजीला मामा मला न्यायला झाशीला येऊ लागला. मी म्हटलं, “मामा, मी लग्न केलेलं नाही. मला कसला मुराळी?” तर म्हणाला, “नवरा नसला म्हणून काय झालं, माहेर तर आहे.” म्हातारपणी, गुडघे धरून, तो एवढा प्रवास करून यायचा आणि दारात घसा खाकरायचा. मी सुट्टीचा अर्ज आधीच देऊन ठेवायची. मग एका वर्षी तो आला नाही. त्याच्या मुलांनी कळवलं, तुम्ही या ताई, घर तुमचंच आहे. चांगली आहेत मुलं. पण मुराळी येणं वेगळं आणि या म्हणणं वेगळं. मी आईवरच गेलेय, दुसरं काय.

आता केळी ट्रकनं जातात. ईथरही गेलं, माझं गोल स्टूलही गेलं असेल भंगारात. मागच्या हिवाळ्यात माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, त्याच हॉस्पिटलात. उशाशी एक लहानशी मुलगी, नव्यानं भूल द्यायला शिकणारी. शहरातल्या जुन्या मराठी घरातली निघाली. मराठी कळतं, पण बोलायची वेळ आली की हिंदीत पळते. म्हणाली, “दादी, गिनती बोलिए।” मी म्हटलं, गिनती माझ्याकडे नसते. आणि गाडी सोडली. झाशी, ललितपूर... पण आताची औषधं सुईनं जातात, उतारूला बसायलाही वेळ देत नाहीत. बीना काही आलं नाही.

संध्याकाळी ती पोरगी मला बघायला आली. खाटेच्या कडेला टेकली, जरा घुटमळली आणि म्हणाली, “दादी, होश में आते वक्त आप बार-बार एक ही बात पूछ रही थीं। मूळ आलं का, मूळ आलं का। बहुत बेचैन थीं। मुझे समझ में नहीं आया क्या आना था... तो मैंने आपके कान में कह दिया, आलं, दादी, आलं।”

घाबरली होती ती. माझ्या हाताखाली शिकलेल्यांनी तिला माझ्याबद्दल सांगून ठेवलं असणार, उशाशी खोटं बोललं की बाई बाहेर काढते.

मी तिचा हात धरला. “मग मी काय केलं?” विचारलं.

“कुछ नहीं,” ती म्हणाली, “आपने कहा, झडप उघड. और सो गईं।”